मनोरुग्णाच्या हातून गंभीर गुन्हा घडला तर: तुरुंग की मनोरुग्णालय, आणि घरच्यांनी काय करायचं

येरवड्यात दोन्ही आहेत, मध्यवर्ती कारागृहही आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही. त्यामुळे ‘त्याला येरवड्याला नेलं’ एवढ्या निरोपावरून घरच्यांना काहीच उमगत नाही. त्या टप्प्यावर कायमचं असं काही ठरलेलंही नसतं.

हातून खून, खुनाचा प्रयत्न किंवा जबर दुखापत झालेल्या मनोरुग्णाची जागा कुठे, हे एका निकालात ठरत नाही. तीन वेगळे प्रश्न तीन वेगळ्या वेळी विचारले जातात. त्याला आज उपचार हवेत का? खटला समजून घेऊन स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत तो आहे का? आणि कृत्य केलं त्या घटकेला, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवत त्याच्यात होती का? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं न्यायालय वैद्यकीय अहवाल पाहून देतं. तिसऱ्याचं उत्तर सगळा पुरावा झाल्यावर, कधीकधी काही वर्षांनी, निकालपत्रात येतं. बरीच प्रकरणं बिघडतात ती या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे. ‘डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया लिहून दिलाय, म्हणजे सुटेल’ हा त्यातला नेहमीचा गैरसमज.

आधी कलमांचा हिशोब. घटना १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२ लागू होतं, त्याआधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ८४. मजकूर जवळपास तोच आहे. कार्यपद्धती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ ते ३७८ मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं ३२८ ते ३३९ होती आणि आधीपासून सुरू असलेले खटले त्याच जुन्या क्रमांकांनी चालतात. तुरुंगातल्या रुग्णाच्या हक्कांसाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पाहायचा, त्यातही कलम १०३. अर्जात चुकीचं कलम पडलं तरी अर्ज मरत नाही, पण एक तारीख हमखास वाया जाते.

अटकेनंतरचे पहिले २४ तास

पोलीस ठाण्यात तोंडी सांगू नका, लिहून द्या. एका पानाचा अर्ज पुरतो: आजाराचं नाव, किती वर्षांपासून आहे, कुठल्या डॉक्टरांकडे किंवा ओपीडीत उपचार चालू आहेत, सध्याची औषधं डोससह, शेवटची गोळी कधी घेतली, शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं. दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोहोच पुढे फार कामाला येते. आजाराची गोष्ट वकिलाने मागाहून रचलेली नाही, पहिल्याच दिवशी सांगितलेली आहे, हे तिच्यावरून दिसतं.

औषधांबाबत तीन गोष्टी ठळक अक्षरात लिहा. क्लोझापिन चालू असेल आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम सुरू करता येत नाही. १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवावा लागतो, नाहीतर रक्तदाब कोसळण्याचा आणि झटके येण्याचा धोका असतो. लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडणं, उलट्या-जुलाब होणं धोक्याचं, कारण रक्तातली पातळी चढून विषबाधा होते. आणि रोज दारू पिणारा असेल तर ती अचानक बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, बरळणं, झटके सुरू होऊ शकतात. कोठडीत याला ‘नाटक करतोय’ म्हणतात. यातून जीवही जातो.

अटक झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते. तिथे जखमा आणि दारूचा वास यांपुढे नोंद फारशी जात नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या अर्जाची प्रत द्या आणि मानसिक स्थितीची नोंद करण्याची विनंती करा: बोलणं सुसंगत आहे का, भास होतायत का, वेळ-काळ-स्थळाचं भान आहे का, झोप किती झाली. घटनेनंतर काही तासांतल्या अशा चार ओळी दोन वर्षांनी मिळालेल्या चार पानी प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरतात.

२४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. त्याच दिवशी वकिलामार्फत दोन मागण्यांचा अर्ज द्या: चालू औषधं कोठडीत मिळावीत आणि मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, मदतवाहिनी १५१००. कोठडीत किंवा मनोरुग्णालयात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

घरात काय करायचं नाही, तेही महत्त्वाचं. रक्त पुसू नका, कपडे धुऊ नका, हत्यार हलवू नका. रुग्णाला ‘असं सांग, तसं सांग’ असं पढवू नका. आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून मागच्या तारखेचं प्रमाणपत्र घेऊ नका. उलटतपासणीत ते पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं, स्वतंत्र गुन्हा होतो तो वेगळाच, आणि खऱ्या कागदांवरचा न्यायालयाचा विश्वासही उडतो.

फाइल कशी लावायची

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः घटनेच्या आधीच्या कागदांत असतं. तारखेच्या क्रमाने लावा: ओपीडीचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, केमिस्टची बिलं, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्व प्रमाणपत्र असल्यास ते, नोकरीच्या ठिकाणचे आजारपणाच्या रजेचे अर्ज, मेमो. सरकारी रुग्णालयातले कागद हरवले असतील तर नोंदणी क्रमांक आणि वर्ष देऊन लेखी मागा. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे (२०१७ च्या कायद्याचं कलम २५). केसपेपर नसतील तर केमिस्टची बिलं तरी शोधा. एखादं औषध किती महिने सलग घेतलं आणि कधी थांबलं, हे बिलांवरून नेमकं कळतं. बऱ्याचदा घटनेच्या आधी ते थांबलेलं असतं.

आणखी काही कागद घरच्यांना नकोसे वाटतात, पण उपयोगी असतात: शेजाऱ्यांनी पूर्वी दिलेल्या अदखलपात्र तक्रारी, सोसायटीची पत्रं, ‘माझ्या जेवणात विष घालतात’ म्हणून रुग्णाने स्वतःच पोलिसांना दिलेले अर्ज. देवऋषी, बाबा, दर्गा इथे नेलं असेल तर तेही सांगा. उपचार चुकीचे असले तरी आजार त्या काळात दिसत होता, एवढं त्यातून सिद्ध होतं. मोबाइलमधले व्हॉइस मेसेज, व्हिडिओ खोडू नका. ते न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते नसलं की पुरावा बाजूला पडतो.

साक्षीदार घराबाहेरचे शोधा. आई-भावाने ‘तो वेडा आहे’ म्हणणं न्यायालयाला अपेक्षितच असतं. वाणी, रिक्षावाला, बरोबर काम करणारा अशा कुणी आदल्या आठवड्यातलं वागणं सांगितलं, तर त्याला किंमत वेगळी.

खटला चालवण्यास योग्य आहे की नाही

आरोपी मनोविकल असून बचाव करण्यास असमर्थ आहे असं मानायला कारण असेल, तर आधी तीच चौकशी करणं न्यायालयावर बंधनकारक आहे. दंडाधिकाऱ्यांपुढे ती कलम ३६७ प्रमाणे होते, खटला उभा राहिल्यावर ३६८ प्रमाणे. आरोपीला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तिथून मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. अहवाल मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. या मंडळात जवळच्या सरकारी रुग्णालयातले मनोविकार विभागप्रमुख आणि वैद्यकीय महाविद्यालयातले या विषयाचे अध्यापक असतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या न्यायालयाने डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नात. ‘आरोपी मनोरुग्ण आहे का?’ एवढंच विचारलं की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ येतं आणि दोन्ही निरुपयोगी. आजार असूनही माणूस खटला चालवण्यास योग्य असू शकतो. म्हणून अर्जातच मुद्दे घाला: आरोप काय आहे हे त्याला कळतं का? न्यायाधीश, सरकारी वकील आणि आपला वकील यांच्यातला फरक कळतो का? वकिलाला घटनेबद्दल सलग माहिती देता येते का? साक्षीदार खोटं बोलला तर तो वकिलाला सांगू शकेल का? शिक्षा होऊ शकते हे समजतं का? नसेल, तर उपचारांनी किती काळात समजू लागेल?

एका भेटीत घेतलेला निर्णय कच्चा असतो. वॉर्डात दाखल करून निरीक्षण मागा आणि परिचारिकांच्या रोजच्या नोंदीही अहवालाला जोडायला सांगा. सोंग करणारा माणूस डॉक्टरांसमोर अर्धा तास तग धरतो, पण रात्री दोनला, जेवणाच्या रांगेत, आंघोळीच्या वेळी ते टिकत नाही. खऱ्या रुग्णाचं उलट होतं: बाहेरून शांत दिसतो, आणि त्याच्या उशाखाली भाकरीचे तुकडे साठलेले सापडतात, कारण जेवणात विष आहे याची त्याला खात्री असते.

‘अयोग्य’ ठरला तर न्यायालय आरोपीला प्रश्न न विचारता कागद पाहतं, वकिलाचं ऐकतं. प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर त्याला सोडलं जातं, असेल तर खटला पुढे ढकलला जातो. बौद्धिक अक्षमतेमुळे तो कधीच बचाव करू शकणार नसेल, तर कामकाज बंद करून त्याच्या देखभालीचा आदेश होतो. ‘योग्य’ ठरला याचा अर्थ घटनेच्या दिवशी तो शुद्धीवर होता असा होत नाही. सहा महिने गोळ्या घेऊन सुधारलेला माणूस आज योग्यच असणार. सरकारी वकील हा अहवाल तिसऱ्या प्रश्नासाठी वापरू लागले, तर तिथेच हरकत नोंदवा.

जामीन आणि हमीपत्र

कलम ३६९ कमी वापरलं जातं, आणि ते चुकीचं आहे. रुग्णालयात भरती राहण्याची गरज नसेल, आणि नातेवाईक किंवा मित्राने नियमित बाह्यरुग्ण उपचारांची व त्याने स्वतःला वा इतरांना इजा करू नये याची हमी दिली, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी न्यायालय सोडू शकतं. पण ‘आम्ही काळजी घेऊ’ या एका ओळीवर कुठलंही न्यायालय खुनाच्या आरोपीला सोडणार नाही, आणि सोडूही नये. हमीपत्रात हे हवं: राहण्याचा पत्ता, घरात दिवसा आणि रात्री कोण असेल, गोळ्या कोण देईल आणि गिळल्या का ते कोण पाहील, कोणत्या ओपीडीत कोणत्या वारी नेणार, गोळ्या टाळत असेल तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांचं मत, दारू-गांजा बंद ठेवण्याची व्यवस्था, आणि बिघडल्यास कुठे दाखल करणार.

खरी अडचण अशी की जीव गेलेला बहुधा घरातलाच असतो: बायको, आई, मूल. फिर्यादीही घरातलाच. अशा वेळी त्याच घराचा पत्ता देऊ नका. वेगळ्या गावातला मामा, आत्या, मोठा चुलतभाऊ असा जामीनदार शोधा आणि त्याला डॉक्टरांसमोर बसवून आजार समजावून द्या. मृत व्यक्तीची मुलं त्या घरात राहत असतील तर हमीपत्रात भेटींबद्दलही स्पष्ट लिहा.

जामीन नाकारला, तर नियमित मनोविकार उपचार मिळतील अशाच ठिकाणी ठेवण्याचा आदेश मागा. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी, असं २०१७ च्या कायद्याचं कलम १०३ सांगतं. ती सोय नसेल तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकाचं नाव आदेशात घालून घ्या. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. नुसतं ‘योग्य ठिकाणी’ लिहिलेला आदेश तुरुंग आणि रुग्णालय यांच्यात चेंडूसारखा टोलवला जातो.

मनोरुग्णालयात गेला म्हणजे सुटला नव्हे

तुरुंगाच्या शिक्षेला तारीख असते, मनोरुग्णालयातल्या ताब्याला ती आपोआप मिळत नाही. आसामातल्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली. तेजपूरच्या मनोरुग्णालयाने १९६७ मध्ये त्यांना बरं ठरवलं, तिथून ते तुरुंगात गेले आणि खटला न चालताच सुटले २००५ साली, ५४ वर्षांनी, १ रुपयाच्या जातमुचलक्यावर. कुणी ठरवून हे केलं नव्हतं. एका कार्यालयाचं पत्र दुसऱ्या कार्यालयात पोहोचून त्यावर कुणी काही केलं नाही, इतकंच.

ते टाळायचं तर घरच्यांनी कारकुनासारखं काम करावं लागतं. एका वहीत गुन्हा रजिस्टर क्रमांक, खटल्याचा क्रमांक, तुरुंगातला बंदी (कैदी) क्रमांक आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक एकत्र लिहा. चार कार्यालयं त्याला चार वेगळ्या क्रमांकांनी ओळखतात. रुग्णालयाने अशा रुग्णाचा विशेष अहवाल दर सहा महिन्यांनी आदेश देणाऱ्या प्राधिकरणाला पाठवायचा असतो. पाठवल्याचा जावक क्रमांक विचारा आणि मग न्यायालयात तो पोहोचला का ते वकिलाकडून रोजनाम्यात (न्यायालयातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहून घ्या. ‘बचावास समर्थ’ असा दाखला निघाला की कलम ३७६ प्रमाणे तो पुरावा म्हणून चालतो आणि खटला पुन्हा सुरू होतो. तारखेला ‘गार्ड मिळाला नाही’ म्हणून आरोपी आलाच नाही, असं लागोपाठ घडलं तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर करण्याचा अर्ज द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला (पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश) सुटका मागता येते, मात्र मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. उपचार किंवा वागणुकीबद्दल तक्रार असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे साध्या अर्जाने जाता येतं.

तिसरा प्रश्न: त्या घटकेला काय होतं

इथे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर असतं (साक्ष्य अधिनियम, कलम १०८), पण सरकारी पक्षाइतकं जड नाही. ‘तसं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दाखवलं तरी पुरतं. १९६४ च्या ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या निकालापासून हे पक्कं आहे. न्यायालय पाहतं ते घटनेआधीचं, घटनेवेळचं आणि नंतरचं वागणं. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने पत्नीचा जीव घेतला होता. आधीपासूनचे उपचार, घराण्यातला मनोविकार, लपण्या-पळण्याचा प्रयत्न नसणं आणि नंतरच्या काही महिन्यांत २५ वेळा उपचारांसाठी न्यावं लागणं, हे सगळं एकत्र धरून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला कलम ८४ चा फायदा दिला. उलट २०११ च्या झारखंडमधल्या एका खटल्यात आजाराचे कागद होते, पण आरोपी पळाला होता, हत्यार लपवलं होतं. बचाव फेटाळला गेला.

स्वतःहून केलेली नशा, तापट स्वभाव, संशयी वृत्ती, व्यक्तिमत्त्वातला दोष ही या कलमात बसत नाहीत. आवाज ऐकू येत होते एवढंही पुरत नाही. त्या आवाजांमुळे आपण करतोय ते चूक आहे हेच कळेनासं झालं होतं, हे दाखवावं लागतं. डॉक्टरांच्या साक्षीत वकिलाने नेमका हाच सांधा जुळवून घ्यायचा.

निर्दोष ठरला तरी कृत्य त्याने केलं होतं की नाही, हे निकालात स्पष्ट लिहावं लागतं. केलं असेल तर त्याला कलम ३७४ प्रमाणे सुरक्षित ताब्यात ठेवतात किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे देतात. नंतर ‘सोडल्यास धोका नाही’ असा दाखला मिळाला की सुटकेचा आदेश राज्य शासन काढतं. त्यासाठी एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आयोगही नेमता येतो. फाइल मंत्रालयात असते, पाठपुरावा तिथे करायचा.

अधेमधे अडकलेले

आजार खरा, पण कलम २२ च्या व्याख्येत न बसणारा, असे आरोपी बरेच. इंग्लंडमध्ये १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली दोषी ठरलेल्याला न्यायाधीश तुरुंगाऐवजी रुग्णालयात पाठवू शकतात, मात्र खुनासाठी जन्मठेप ठरलेली असेल तिथे नाही. आपल्याकडे असा पर्यायच नाही, आणि खुनाला किमान शिक्षा जन्मठेप. म्हणजे अंशतः भान हरपलेला माणूस पूर्ण भानावर असलेल्याइतकीच शिक्षा भोगतो. कायद्यातली ही खरी पोकळी आहे. तुरुंग की रुग्णालय हा वाद घालायचाच असेल तर या लोकांसाठी घालावा. कलम २२ मध्ये स्पष्ट बसणाऱ्यांबद्दल कायदा आधीच बोललेला आहे, आणि आजार नसलेल्या हिंसक माणसाला रुग्णालयात पाठवलं तर त्याचा त्रास तिथल्या दुबळ्या रुग्णांनाच होतो.

दोषी ठरल्यावरही उपचारांचा हक्क जात नाही. तुरुंगातून मनोरुग्णालयात हलवण्यासाठी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा, दाद लागली नाही तर उच्च न्यायालय आहे. फाशीची शिक्षा झालेल्याला नंतर गंभीर मनोविकार जडला, तर तो शिक्षा कमी करण्याचा आधार ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आरोपीचं नाव न छापता, ठरवलं.

घरी परत आला तर झोपेकडे लक्ष ठेवा. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, जेवण नाकारणं, खिडक्या बंद करून बसणं, जुना संशय पुन्हा बोलून दाखवणं: यातलं काहीही दिसलं की ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी ओपीडी गाठा. तो तयार नसेल आणि नुकतीच धमकी किंवा मारहाण झाली असेल, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. तो प्रतिनिधी कोण, हे तो बरा असतानाच साध्या कागदावर लिहून त्याची सही घेऊन ठेवा. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी: १४४१६.